नाइट गार्ड दात वाचवतो, दात खाणं थांबवत नाही

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"मी ३८ वर्षांची आहे. गेलं वर्षभर सकाळी उठते तेव्हा जबडा आखडलेला असतो आणि कानशिलं ठणकत असतात. दुपारपर्यंत ते ओसरतं. मी झोपेत दात खाते, असं माझा नवरा सांगतो. आवाजाने तो दचकून जागा होतो आणि मग मला हलवून उठवतो. मला यातलं काहीच आठवत नाही. गेल्या महिन्यात सिमेंट भरलेल्या एका जुन्या दाढेचा कोपरा उडाला. दातांच्या डॉक्टरांनी दाढ नीट करून दिली आणि नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर, करून घ्या म्हणाल्या. मी ऑनलाइन तयार गार्ड मागवला, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा तसला. तो घातला की सकाळी जबडा जास्तच दुखतो, म्हणून बाजूला ठेवला. आई म्हणते जंताचं औषध घे. मैत्रीण म्हणते तू सगळं फार मनाला लावून घेतेस, टेन्शन कमी कर. मी बोटॉक्सबद्दलही वाचलंय, त्याने हे बंद होतं का? गेल्या वर्षी चिंतेच्या त्रासासाठी डॉक्टरांनी सर्ट्रालीन सुरू केलं, त्याचा खूप फायदा झाला. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? आणि माझा ६ वर्षांचा मुलगाही झोपेत दात खातो. त्याला हे माझ्याकडून आलं का?"

तुमच्या पत्रात सर्ट्रालीनचा उल्लेख जाता जाता आलाय, पण मी सुरुवात तिथूनच करते, कारण तो प्रश्न तुम्हाला अजून कुणी विचारलेला दिसत नाही. हो, संबंध असू शकतो. सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या एकाच गटातल्या गोळ्या. त्या सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही जणांना दात खाण्याचा त्रास सुरू होतो, काहींचा आधीचा वाढतो. सगळ्यांना होतो असं मुळीच नाही. तुमच्या बाबतीत खरं काय ते तारखा जुळवल्या की बरंचसं कळेल. जुनी प्रिस्क्रिप्शन काढा आणि गोळी कधी सुरू झाली, डोस कधी बदलला ते एका कागदावर लिहा. त्याच्या शेजारी जबडा पहिल्यांदा कधी दुखला आणि नवऱ्याने आवाज पहिल्यांदा कधी ऐकला तेही लिहा. लग्नाच्या आधीपासून, अगदी कॉलेजपासून तुम्ही दात खात असाल तर ते आई किंवा बहीण सांगू शकेल. तसं असेल तर सगळा दोष गोळीचा नाही.

मात्र कागद काहीही सांगो, गोळी स्वतःहून बंद करू नका. एका दिवसात बंद केली तर चक्कर, अस्वस्थपणा, विचित्र स्वप्नं असा त्रास होऊ शकतो, आणि ज्या चिंतेतून तुम्ही बाहेर आलात ती परत येऊ शकते. हा कागद घेऊन ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांकडे जा. त्यांच्याकडे बरेच मार्ग असतात: डोस थोडा कमी करणं, घेण्याची वेळ बदलणं, दुसऱ्या गटातलं औषध देणं, कधी जोडीला बुस्पिरोन नावाची गोळी देणं. गोळीने तुम्हाला फायदा झालाय, ही मोठी गोष्ट आहे. दातांसाठी ती गमावू नये.

आता हे नेमकं काय चालतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण ते कळलं की पुढचे सल्ले आपोआप उलगडतील. आपली झोप रात्रभर एकसारखी नसते. तासाभरात बऱ्याच वेळा मेंदू काही सेकंदांपुरता जागेपणाच्या जवळ येतो आणि परत खाली जातो. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. या क्षणभराच्या जागेपणात आधी मेंदूच्या लहरी बदलतात, मग हृदयाचे ठोके वाढतात आणि मग जबड्याचे स्नायू साधारण सेकंदाला एकदा अशा ठेक्यात आवळू लागतात. दात एकमेकांवर असले तर घासल्याचा आवाज येतो. हे बहुतेक हलक्या झोपेत घडतं. दात न खाणाऱ्या कितीतरी लोकांचे जबडेही झोपेत असेच हलतात, फक्त कमी वेळा आणि आवाज न करता. म्हणूनच निरोगी माणसाच्या दात खाण्याला तज्ज्ञ आता आजार म्हणत नाहीत. २०१८ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तसं स्पष्ट नोंदवलं. ती झोपेतली स्नायूंची हालचाल आहे. ती फार वाढली, तिने दात झिजवले किंवा जबडा दुखवला, की तिच्याकडे लक्ष द्यायचं.

म्हणजे विचारायचा प्रश्न असा, की तुमची झोप रात्रीत इतक्या वेळा कशाने चाळवतेय? मैत्रीण म्हणते ते टेन्शन त्यातलं एक कारण आहे, एकमेव नाही. ताणाच्या दिवसांत दात खाणं वाढतं हे खरं, पण अगदी शांत स्वभावाची माणसंही रात्रभर दात खातात आणि अतिशय चिंता करणारी माणसं खात नाहीत. तुमच्या स्वभावावर ठेवलेला हा ठपका तुम्ही उगाच वाहू नका. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, मद्य आणि सिगारेट यांनी झोप चाळवते आणि दात खाणं वाढतं. मद्याने झोप लागते असं वाटतं, पण रात्रीचा उत्तरार्ध तुकड्यातुकड्यांचा होतो. यातलं काही तुमच्या दिनक्रमात असेल तर आधी ते आवरा. कॅफिन दुपारनंतर बंद करून दोन-तीन आठवडे पाहा. खर्च काही नाही, आणि फरक पडला तर तुम्हालाच कळेल.

या यादीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती श्वासाची. दाढ दुरुस्त झाली, गार्डचं माप दिलं, आणि झोपेतला श्वास कुणी विचारलाच नाही, असं फार वेळा होतं. झोपेत घसा मिटून श्वास अडकत असेल तर मेंदू दर वेळी चाळवतो आणि त्या चाळवण्यात दातही खाल्ले जातात. सकाळची डोकेदुखी त्यानेही होते. नवऱ्याला नीट विचारा: मी घोरते का? घोरता घोरता मध्येच एकदम शांत होते आणि मग हुंदका दिल्यासारखा श्वास घेते का? तो झोपेत असेल तर उशापासून थोड्या अंतरावर फोन ठेवून काही रात्रींचा आवाज रेकॉर्ड करा. शिवाय सकाळी तोंड कोरडं पडतं का, रात्री वारंवार लघवीला उठावं लागतं का, दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का, रक्तदाब वाढलाय का, हे पाहा. यातल्या एक-दोन गोष्टी जरी जुळल्या तरी गार्ड करण्याआधी झोपेची तपासणी करून घ्या. हे मी ठामपणे सांगतेय, कारण श्वास अडकणाऱ्या काही लोकांमध्ये वरच्या दातांवरच्या गार्डने तो त्रास वाढू शकतो. अशा वेळी खालचा जबडा किंचित पुढे धरून ठेवणारं वेगळं उपकरण किंवा श्वासासाठीचं मशीन लागतं, आणि श्वास सुधारला की दात खाणंही बऱ्याचदा कमी होतं.

छातीत जळजळ किंवा सकाळी तोंडात आंबट चव येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पोटातलं आम्ल वर येण्याचा आणि दात खाण्याचा संबंध दिसून आलाय. शिवाय आम्लाने मऊ झालेलं दाताचं कवच घासलं की जास्त वेगाने झिजतं आणि ते कवच पुन्हा वाढत नाही. तुमच्या दातांच्या डॉक्टर झीज पाहून बरंच ओळखू शकतील. नुसत्या घासण्याने वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बरोबर बसतील असे सपाट, चकचकीत पट्टे पडतात. आम्लाने दाढांच्या टोकांवर वाटीसारखे छोटे खड्डे पडतात.

आता गार्ड. तुम्ही मागवलेला तयार गार्ड मऊ आहे, आणि मऊ वस्तू दातांत आली की काही लोकांचे स्नायू ती आणखी चावत राहतात. सकाळी जबडा जास्त दुखतो हा तुमचा अनुभव खोटा नाही. तो बाजूला ठेवलात हे योग्य केलंत. तुमच्या डॉक्टरांना जो गार्ड करायचा असेल तो बहुतेक कडक अॅक्रिलिकचा, माप घेऊन बनवलेला आणि सगळ्या दातांना झाकणारा असेल. बसवताना त्या तो घासून घासून असा जुळवतील की तोंड मिटल्यावर दोन्ही बाजूंचे दात त्यावर एकाच वेळी टेकावेत. ही जुळवणी कामाची असते. त्यासाठी दुसऱ्यांदा बोलावलं तर कंटाळा करू नका. फक्त पुढच्या चार दातांवर बसणारे छोटे गार्डही मिळतात. ते दीर्घकाळ वापरायला मी कुणाला सांगत नाही, कारण मागच्या दाढा मोकळ्या राहतात आणि हळूहळू सरकून चावण्याची पद्धतच बदलू शकते.

पण गार्डकडून काय अपेक्षा ठेवायची ते आधी ठरवा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्नायूंची हालचाल थोडी कमी होते, मग बऱ्याच जणांमध्ये ती पूर्वीच्या पातळीवर येते. तुम्ही दात खातच राहाल, फक्त दाढांऐवजी गार्ड झिजेल, जशी चपलेची टाच झिजते. तेवढंही पुष्कळ आहे. तुमची एक दाढ तुटलीच आहे, आणि कॅप किंवा सिमेंट असलेल्या दाढा पुन्हा तुटू नयेत म्हणून गार्ड हवाच. दुखणंही काहींचं बरंच कमी होतं. मात्र गार्ड घालूनही सकाळी कानशिलं तशीच ठणकत राहिली तर गार्ड बिघडलाय असं समजू नका. कारण अजून शोधायचं बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. गार्ड रोज सकाळी कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा. गरम पाण्याने तो वाकतो आणि टूथपेस्टने त्यावर ओरखडे पडतात. गार्ड काढल्यावर काही मिनिटं दात वेगळे बसल्यासारखे वाटतात, ते चालतं. दिवसभर तसंच वाटत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

इथे एका गोष्टीपासून सावध करते. पूर्वी असं मानत की दात नीट जुळत नाहीत म्हणून माणूस रात्री ते घासतो. त्यावरून निरोगी दात घासून कमी करणं किंवा तेवढ्यासाठी तारा लावणं असे उपाय केले गेले. दात खाण्याचं कारण तिथे नाही, असं आता स्पष्ट आहे. नवीन भरलेलं सिमेंट उंच लागत असेल तर ते जरूर कमी करून घ्या. पण दात खाणं थांबावं म्हणून कुणी चांगले दात घासायला निघालं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. घासलेला दात परत मिळत नाही.

बोटॉक्सबद्दल माझं मत असं, की ते तुमच्यासाठी आत्ता नाही. ते गालाच्या चावण्याच्या स्नायूत टोचतात, त्याने स्नायू कमकुवत होतो आणि दाब कमी पडतो. मेंदूतून निघणारा आदेश तसाच येत राहतो. परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो, मग पुन्हा टोचावं लागतं. चावताना थकवा येणं, हसू वेगळं दिसणं हे होऊ शकतं, आणि वर्षानुवर्षं टोचत राहिल्याने जबड्याच्या हाडावर काय परिणाम होतो याची काळजी संशोधकांनाही आहे. सगळे उपाय करूनही असह्य दुखणाऱ्या माणसासाठी तो एक पर्याय असू शकतो. तुम्ही तर अजून पहिले उपायही केलेले नाहीत. आणि जंत? मोठ्या माणसाच्या दात खाण्याचा जंतांशी संबंध असल्याचा काही चांगला पुरावा नाही. तपासणीत जंत निघाले तर औषध घ्या, जबड्यासाठी नको.

दिवसाचं काय, हेही तुम्हाला विचारायला हवं. तुमचं दुखणं सकाळी जास्त आणि दुपारी कमी, म्हणजे मुख्य त्रास रात्रीचाच. संध्याकाळी वाढणारं दुखणं असतं तर मी दिवसाकडे बोट दाखवलं असतं. तरी दोन्ही एकत्र असणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि दिवसाचा भाग खरोखर आपल्या हातात असतो. आत्ता हे वाचताना तुमचे दात कुठे आहेत ते पाहा. बोलत किंवा खात नसताना वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. ओठ मिटलेले, दातांमध्ये थोडी फट, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलकं टेकलेलं, खांदे सैल: जबड्याची ही विश्रांतीची जागा. घास गिळताना दात क्षणभर टेकतात तेवढेच. अनेक जण कॉम्प्युटरसमोर, गाडी चालवताना, मोबाइलवर काही वाचताना तासन्‌तास दात दाबून बसतात. आवाज होत नसल्याने कुणाच्या लक्षात येत नाही.

ही सवय नुसत्या निश्चयाने जात नाही, तिला आठवणीची खूण लागते. स्क्रीनच्या कोपऱ्यात, आरशावर, गाडीच्या स्टीअरिंगजवळ छोटे रंगीत ठिपके चिकटवा. ठिपका दिसला की फक्त जबडा तपासा. दाबलेला असेल तर ओठ मिटून हळूच फुंकर सोडा, जबडा आपोआप खाली येतो. पहिल्या आठवड्यात तुम्ही कितीदा दात दाबता हे पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल, आणि तिथे निराश होऊ नका. लक्षात येणं हाच उपायाचा पहिला भाग आहे. याने रात्रीचं दात खाणं थांबेल असं वचन मी देणार नाही. पण दिवसभर थकलेला स्नायू रात्रीच्या कामाने जास्त दुखतो, आणि तो थकवा कमी झाला की सकाळ हलकी जाते.

दुखणं जास्त असेल त्या दिवसांत गालावर आणि कानशिलावर दहा-पंधरा मिनिटं ओला शेक घ्या. मग दात किंचित उघडे ठेवून बोटांच्या टोकांनी गालाचा स्नायू हळूहळू चोळा, वरून खाली. च्युइंगम बंद. चिवट, कडक खाणं काही दिवस टाळा. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे तोंड एकदम मोठं उघडणार नाही. झोपण्याआधीचा तास कामाचा नको. ठरावीक वेळी झोपणं-उठणं, अंधार, फोन दूर, या साध्या गोष्टींनी दात खाणं थेट थांबतं असा दावा कुणी करू नये, पण चाळवणारी झोप त्यांनी थोडी जुळून येते आणि तुमच्या चिंतेलाही त्यांचा उपयोग आहे.

काही खुणा मात्र वाट पाहण्यासारख्या नाहीत. जबडा उघडताना किंवा मिटताना अडकून राहिला, तोंडात तीन बोटं उभी मावेनाशी झाली, किंवा एकाच दाढेवर चावताना तीक्ष्ण कळ येऊ लागली, तर लगेच दाखवा. त्या कळेमागे दाढेला गेलेली चीर असू शकते. आणि हे उत्तर वाचणाऱ्या पन्नाशीपुढच्या लोकांसाठी एक वेगळी सूचना: कानशिलात नव्याने सुरू झालेलं दुखणं, चावताना जबडा दुखून थांबावं लागणं आणि नजर अंधुक होणं हे एकत्र आलं तर तो दात खाण्याचा त्रास समजू नका. डोक्याच्या रक्तवाहिनीला सूज आल्याची ती लक्षणं असू शकतात आणि दृष्टी जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

नवऱ्याला सांगा की तुम्हाला हलवून उठवू नको. ज्या झोपेच्या तुकड्यांमुळे हे घडतं त्यात आणखी एका तुकड्याची भर पडते, आणि दात खाणं पुन्हा सुरू होतंच. त्याने कानात इअरप्लग घालावेत, किंवा फार थकलेल्या रात्री दुसऱ्या खोलीत झोपावं. त्यात कुणाचाही अपमान नाही. त्याची खरी मदत त्या श्वासाच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

तुमच्या मुलाबद्दल. दात खाण्याची प्रवृत्ती घराण्यात दिसते हे खरं, पण त्यात तुमचा दोष काय? या वयात दात खाणारी मुलं खूप असतात, मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त. दुधाचे दात पडून कायमचे येईपर्यंत बहुतेकांचं ते आपोआप कमी होतं. त्याला गार्ड लागत नाही, वाढत्या जबड्यावर गार्ड शक्यतो घालतही नाहीत. त्याला रागावू नका, झोपेत उठवू नका. पाहायचं ते एवढंच: तो घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, झोपेत खूप तळमळतो किंवा घाम येतो का, दिवसा चिडचिडा आणि पेंगुळलेला असतो का. यातलं काही असेल तर त्याचे टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना किंवा नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. यातलं काहीच नसेल तर सहा महिन्यांनी दातांच्या नेहमीच्या तपासणीला नेलंत तरी पुरेल.